बुडालेलं पाखरू वर येईपर्यंत

समजा, तुम्ही डिंभ्याच्या धरणाच्या काठावर बसला आहात. माघातली सकाळ आहे, उन्हाला अजून ऊब नाही. शंभरेक पावलांवर पाण्यावर एक काळपट ठिपका तरंगतोय. नीट दिसावा म्हणून तुम्ही मान पुढं काढता आणि नेमका तेव्हाच ठिपका नाहीसा होतो. पाण्यावर एक वर्तुळ उरतं, मग तेही विरतं. आता तुम्हाला सांगायचंय, ते पाखरू कोणतं होतं.

घाबरू नका. आधी आठवा, ते गेलं कसं. बुडताना त्यानं टुणकन उडी घेतली का? की आवाज न करता जागच्या जागी खाली बसलं? बुडण्याआधी त्याची पाठ पाण्याच्या वर होती, की पाण्याच्या बरोबरीला? एवढं आठवलं की मोजायला लागा. पंधरा मोजायच्या आत आठ-दहा हातांवर लोकरीच्या गुंडीएवढं काही वर आलं, तर ती टिबुकली. पंचवीसेक मोजल्यावर भलतीकडंच चोच वर करून निघालं आणि पाठ पाण्यातच ठेवून पोहू लागलं, तर तो पाणकावळा. चाळीस झाले, तुम्ही आशा सोडली आणि मग फक्त एक मान सापासारखी पाण्यातून उभी राहिली, तर तो तिरंदाज. आणि जिथं बुडालं तिथंच बूच उसळावं तसं उसळून वर आलं, काळं-पांढरं, डोक्यामागं लोंबती शेंडी, तर ते थंडीपुरतं आलेलं शेंडी बदक.

आणि समजा, मोजत राहिलात आणि काहीच वर आलं नाही, तर?

बहिरूला हे शेवटचं सोडून बाकी सगळं येत होतं. या शेवटच्याची मात्र त्याला भीती वाटायची.

बहिरूचा जन्म मेंढरांमागचा. दिवाळी झाली की बापाचा वाडा, म्हणजे मेंढरं-माणसांचा सगळा तळ, कोकणात उतरायचा आणि पाऊस तोंडावर आला की घाट चढून परत यायचा. बहिरूनं अशा वीस-बावीस खेपा केल्या. मग एका उतारावर गुडघा गेला. कळप मोडला, पंधरा मेंढरं ठेवली आणि तो शिनोलीच्या पुढं, धरणाच्या फुगवट्याच्या काठाला असलेल्या आपल्या वस्तीवर कायमचा राहिला. हे नव्वदनंतरचं. धरणात पाणी अडायला तेव्हा नुकतीच सुरुवात झाली होती.

त्याला पोहता येत नव्हतं. नदी ओलांडायची तर उतार बघून, मेंढराच्या पाठीवर हात ठेवून ओलांडायची, एवढंच पाणी त्याला ठाऊक. आणि आता दाराशी हे एवढं आलं. पहिल्या वर्षी पाणी चढलं तेव्हा त्याची सगळ्यात शहाणी मेंढी जुन्या पायवाटेनं सरळ पाण्यात चालत गेली. रोजची वाट होती तिची. खालच्या चिंचेखाली ती दुपारी बसायची, तिकडंच निघाली असणार. गाळात पाय रुतले. बहिरू काठावरून हाका मारत राहिला, पण त्याचा पाय पुढं पडेना. ती डोक्यासकट गेली. वर येईल म्हणून तो दिवस कलेपर्यंत तिथंच उभा होता.

तेव्हापासून त्याला एक खोड लागली. पाण्यात काही बुडालेलं दिसलं, की ते वर येईपर्यंत तिथून हलायचं नाही.

आणि त्या पाण्यावर दिवसभर पाखरं बुडत होती. बहिरूच्या हातात सदा टकळी असायची. मेंढरं चरताना लोकर कातत बसायची सवय बापापासूनची. पाखरू बुडालं की तो टकळीला गिरकी द्यायचा आणि गिरक्या मोजायचा. टिबुकलीला चार गिरक्या. पाणकावळ्याला सहा-सात. तिरंदाजाला, म्हणजे त्याच्या भाषेत सापमान्याला, दहा-अकरा. शेंडीवाल्या बदकाला पाच. पुस्तक नाही, दुर्बीण नाही. पाच-सहा हिवाळ्यांत हा माणूस नुसतं बुडणं आणि उगवणं बघून पाखरू सांगू लागला. यात हौस कमी आणि धास्ती जास्त होती, हे त्याच्या बायकोलाच तेवढं कळलं होतं. सुंदरा म्हणायची,

"आवं, पाखरं पोटापायी बुडी मारत्यात. तुमी काय त्यांचं मास्तर हाये का हजेरी घ्यायला?"

"हजेरी न्हाई गं. वर आलं का तेवढं बघतो."

"आलं न्हाई तर काय उडी मारनार हाये का?"

बहिरू टकळीला पुन्हा गिरकी द्यायचा.

दोन हजार सहा सालच्या फेब्रुवारीत, एका सकाळी, तेवीस शेंडीवाल्या बदकांचा थवा जुन्या चिंचेच्या पाण्यावर चरत होता. चिंच कधीच पाण्याखाली गेली होती, पण ती कुठं आहे हे बहिरू काठावरून बोटानं दाखवायचा. एकेक बदक बुडत होतं, उसळत होतं. बहिरू मोजत होता. एक मादी बुडाली. पाच गिरक्या झाल्या. दहा झाल्या. वीस झाल्या तेव्हा हातातला धागा तुटला. त्यानं थवा परत मोजला. बावीस. पुन्हा मोजला. बावीसच. मेंढरं केव्हाच पुढं पांगली होती, तरी तो दुपारपर्यंत बसून राहिला. पाणी सपाट होतं.

दुसऱ्या दिवशी ती मादी काठाच्या चिखलात उताणी पडलेली सापडली.

आता बहिरूनं जे केलं, ते मेंढरांमागं वाढलेला कोणीही माणूस करतो. मेंढरू मेलं की रडत बसायचं नाही, आधी ते फाडून बघायचं. काळीज बघायचं, फुप्पुस बघायचं, पोटात काय आहे ते बघायचं. कशानं मेलं ते कळलं, तर उरलेलं खांड, म्हणजे कळप, वाचतं. त्यानं कमरेचा सुरा काढला, बदक सपाट दगडावर ठेवलं आणि उभं चिरलं. बदक चांगलं पोसलेलं होतं. कातडीखाली चरबीचा थर. काळीज लालभडक, एक डाग नाही. पोट शिंपल्यांनी आणि गवताच्या मुळांनी भरलेलं. नरड्यात मात्र पाणी आणि फेस. आणि मानेभोवती पिसं घासली जाऊन दोऱ्यासारखी बारीक रेघ उठलेली.

हे बुडून मेलंय, असं त्याचे हात सांगत होते. डोकं म्हणत होतं, बुडणं हाच ज्याचा धंदा, ते बुडून मरेल कसं? त्यानं बदक खड्डा करून पुरलं, धरणाच्या पाण्यात हात खळबळले, धोतराला पुसले आणि घरी आला. मग रोजच्यासारखा सुनेच्या पोल्ट्रीच्या शेडमधे शिरून त्यानं कोंबड्यांची पाण्याची भांडी भरली.

त्याची सून वृषाली जुन्नरकडची, डिंगोऱ्याची. बारावी झालेली. नवरा हनुमंत मंचरच्या बाजारात टेम्पो चालवायचा, पाच-पाच दिवस घरी नसायचा. दोन वर्षं खपून हिनं सहाशे कोंबड्यांचं शेड उभं केलं होतं. दाराशी औषधाच्या पाण्यात पाय बुडवल्याशिवाय ती कुणाला आत सोडत नसे. घरातलं मीठ-मिरची, पोरांच्या वह्या, सगळं त्या शेडमधून निघत होतं.

त्या संध्याकाळी टीव्हीवर बातमी लागली. राज्याच्या दुसऱ्या टोकाला कोंबड्यांमधे रोग शिरला होता. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे घातलेली माणसं जिवंत कोंबड्या पोत्यात भरून खड्ड्यात टाकत होती. बातमी देणारा सांगत होता, हा रोग पाणपक्षी आणतात, मेलेल्या पाखराला हात लावू नका.

वृषाली उभीच्या उभी बघत राहिली. मग सासऱ्याकडं वळून म्हणाली,

"मामा, पान्यावं कुठं मेलेलं पाखरू दिसलं तर लांबनंच या बरं का."

"हां," बहिरू म्हणाला.

तो बाहेर गेला आणि त्यानं राखेनं हात घासले. मग साबणानं. मग पुन्हा राखेनं. नखांच्या कडा लाल झाल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं गुडघ्याचं निमित्त काढून शेडमधे जाणं बंद केलं. पण सकाळी उठल्याउठल्या जाळीबाहेर येऊन विचारायचा, "किती गेल्या?" एवढ्या कोंबड्यांमधे एक-दोन मरणं हे रोजचंच होतं. आधी त्यानं कधी विचारलंही नव्हतं. वृषालीनं पहिल्या दिवशी "एक" सांगितलं, दुसऱ्या दिवशी "दोन", आणि तिसऱ्या दिवशी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "मामा, तुमास्नी काय झालंय?"

"काय न्हाई. असंच."

इकडं काठावर आणखी पाखरं लागली. एक टिबुकली, दोन शेंडीवाली, एक पाणकावळा. आता ती वस्तीवरच्या सगळ्यांनीच पाहिली. बायांनी पाण्यावर धुणं नेणं बंद केलं. पोरांना दारं ओढून घरात बसवलं. मासळी कुणी विकत घेईना, म्हणून डिंभ्याच्या भागूची नाव काठाला उलटी पडली. शेजारच्या गेणभाऊनं सरकारी माणसं यायच्या आत आपल्या चारही गावठी कोंबड्या एका दिवसात कापून खाल्ल्या आणि मग पोटात कळ आली म्हणून रात्रभर देवाचं नाव घेत बसला. "खड्ड्यात जान्यापरीस पोटात गेलेल्या बऱ्या," असं तो आदल्या दिवशी सगळ्यांना सांगत फिरला होता.

पोलीस पाटलानं घोडेगावला कळवलं. गुरुवारी जनावरांचे डॉक्टर येणार असं ठरलं. रोग निघाला, तर आसपासच्या सगळ्या कोंबड्या जातील, हेही ज्याच्या त्याच्या तोंडी झालं.

बुधवारी सकाळी बहिरू जाळीपाशी आला, तर वृषाली शेडच्या दारात मातीत बसलेली. समोर पाच कोंबड्या ओळीनं ठेवलेल्या. ती रडत नव्हती. नुसती बघत होती.

"पाच," ती म्हणाली.

बहिरूनं आपल्या हातांकडं बघितलं. आपल्याच हातांनी आणलं. हात धुतले तेही त्याच पाण्यात. तो तिथंच दगडावर टेकला आणि खाली मान घालून सगळं सांगून टाकलं. बदक, सुरा, पाण्याची भांडी.

आतून सुंदरा ऐकत होती, ती धावत आली. "आवं, माती कालवली तुमी घरात! गप बसला आठ दिस?"

"आत्या, थांबा," वृषाली म्हणाली. मग सासऱ्याकडं वळली. "फाडलं ना तुमी? मग दिसलं काय आत?"

बहिरूनं मान वर केली. हे कुणी विचारेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"निरोगी व्हतं. बुडून मेलं व्हतं."

"बदाक? बुडून?" सुंदरानं कपाळावर हात मारला. "उद्या म्हनाल मासा बुडून मेला."

"मला बी पटंना, म्हनून तर बोललो न्हाई. पर वृषाली, आइक. आजवर मेली ती समदी बुडी मारनारीच हायेत. टिबुकली, कावळा, शेंडीवाली. आन् ती चोचीवर हळदी-कुंकू असलेली बदकं हायेत बघ, जी नुस्तं ढुंगन वर करून चरत्यात? ती चाळीस हायेत. त्याच पान्यात. त्यातलं एक बी मेलं न्हाई. रोग काय पाखराला इचारतो का, तू बुडी मारतं का न्हाई म्हनून?"

वृषाली उठली. तिनं पदर खोचला.

"हे उद्या डाक्टरला सांगायचं."

"मग फाडल्यालं बी सांगावं लागंल."

"लागंल."

"ती लोकं कोंबड्या न्हेतील."

"न सांगता बी न्हेतीलच की, मामा."

डॉक्टर आल्या त्या तेजस्विनी मॅडम. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. तोंडाला फडकं, हातात रबरी मोजे, सोबत औषधांची पेटी घेतलेला एक माणूस. बहिरूनं हात जोडून सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. ऐकून झाल्यावर मात्र चांगलं झापलं. उघड्या हातांनी पाखरू फाडलं म्हणून, आठ दिवस गप्प बसला म्हणून. आजच सरकारी दवाखान्यात जाऊन स्वतःला तपासून घ्यायचं असं बजावलं. मग शेडमधे गेल्या आणि दारातच थबकल्या.

"वृषालीताई, ही पोती कशाला लावलीत चहूबाजूंनी?"

"बाहेरची पाखरं आत येऊ नयेत म्हणून. बातमी बघितली त्या दिवसापासून लावल्यात. रोज एक थर वाढवला."

"डोळे चुरचुरतायत माझे. तुमचे नाही?"

वृषालीनं पदरानं डोळे टिपले. मॅडमनी मेलेल्या पाची कोंबड्या पिशवीत घेतल्या, जिवंतांच्या घशातले नमुने घेतले, आणि बाहेर आल्यावर बहिरूला विचारलं, "बाबा, बदक कुठं बुडालं, ते दाखवता येईल?"

"हितनं बोटानं दावतो की."

"बोटानं नाही. नावेतून."

बहिरू एक पाऊल मागं सरला. दहा-बारा वर्षं तो या काठावर बसला होता, पण घोट्याच्या वर पाण्यात कधी उतरला नव्हता. वृषाली शेडच्या दारातून बघत होती. तिनं तोंडातून शब्द काढला नाही. काढला असता तर त्याला नाही म्हणता आलं असतं.

भागूनं नाव सुलटी केली. बहिरू चढला तो थेट तळाशीच बसला, दोन्ही हातांनी कडा धरून. काठ मागं सरकला तसं त्याला वाटलं, आपणच कुणाच्या तरी मोजण्यात आहोत. पाच गिरक्या, दहा गिरक्या. पाणी जवळून हिरवं नव्हतं, काळं होतं.

"बहिरूतात्या, डोळं उघडा की राव," भागू म्हणाला. "वाट तुमी दावनार, का नावंलाच इचारू?"

त्यानं डोळे उघडले. काठावरून बोटानं दाखवणं सोपं होतं, इथून सगळं फिरल्यासारखं दिसत होतं. मग त्यानं डोंगरातली खिंड शोधली. चिंचेखाली मेंढरं बसवली की ती खिंड पलीकडच्या एकट्या सुळक्याच्या डाव्या अंगाला दिसायची. तो मान न हलवता, नुसत्या हातानं खुणा करत राहिला. आणखी पुढं. थोडं उजवीकडं. खिंड सुळक्याच्या बाजूला येऊन बसली.

"हितं," तो म्हणाला.

भागूनं दोरीला बांधलेला लोखंडी आकडा सोडला. बारा-तेरा फुटांवर तो कशाला तरी अडकला. भागूनं ओढ दिली तशी नाव एका अंगाला कलली, पाणी कडेशी आलं आणि बहिरूच्या तोंडून मेंढरांना घालायची हाक बाहेर पडली. मॅडमनी त्याचा दंड धरला.

खालून जाळं वर आलं. नायलॉनचं, बारीक, पाण्यात दिसतही नाही असं. चिंचेच्या फांद्यांना गुरफटून, फाटून, त्याचे पडदे लोंबत होते. त्यात तीन पाखरं होती. एकाची नुसती हाडं आणि पिसं. एक पाणकावळा, पंख अर्धे उघडलेला. आणि एक शेंडीवालं बदक. त्याच्या मानेत जाळ्याचा फास होता, जिथं बहिरूला रेघ दिसली होती, अगदी तिथंच.

भागूनं जाळ्याला तरंगायला बांधलेले निळ्या चपलांचे तुकडे उलटसुलट करून बघितले. असे तुकडे कापून बांधायची रीत त्याच्याच घरची.

"श्रावनात लोंढ्यानं न्हेलं व्हतं," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, गेलं खाली भिंतीकडं."

काठाकडं परतताना मॅडमनी हिशोब लावला. दिवाळीत धरण भरलेलं, तेव्हा हे जाळं चाळीस फूट खोल. तिथवर ही बदकं सहसा जात नाहीत. मग पाणी सोडलं, पातळी रोज उतरत गेली आणि माघात जाळं बरोबर त्यांच्या बुडीच्या टप्प्यात आलं. अडकून मेलेली काही तिथंच राहिली, काही फुगून, सुटून काठाला लागली. शेपूट वर करून चरणाऱ्या बदकांची मान दीड फुटाच्या खाली जातच नाही.

बहिरूला वाटलं, सुटलो. पण मॅडम म्हणाल्या,

"हे या पाखरांचं झालं, बाबा. तुमच्या कोंबड्यांचं अजून नाही. नमुने लांब पाठवावे लागतात. तोवर शेडमधलं काही बाहेर नाही आणि बाहेरचं कुणी आत नाही. आणि ती पोती आजच्या आज काढा."

अकरा दिवस गेले. ते अकरा दिवस बहिरूनं कसे काढले, ते सुंदराला विचारावं. तो जेवायला बसायचा आणि हाताकडं बघत राहायचा. कुठून गाडीचा आवाज आला की उठून उभा राहायचा. पांढरे कपडे घातलेली माणसं येणार तर ती कोणत्या बाजूनं येतील, हे त्यानं मनातल्या मनात ठरवून ठेवलं होतं. पाण्याकडं मात्र फिरकला नाही. मेंढरं त्यानं वरच्या माळाला नेली. वृषाली एकटीच आत-बाहेर करायची. जाळीतून ती बोटं दाखवायची. पहिल्या दिवशी दोन. मग एक. मग दोन दिवस नुसती मूठ.

बाराव्या दिवशी तेजस्विनी मॅडम स्वतः आल्या, तोंडाला फडकं न बांधता. ते बघूनच सुंदरानं देवापुढं नारळ काढून ठेवला. रोग नव्हता. पाच कोंबड्या पोत्यांनी कोंडल्या होत्या, विष्ठेच्या वाफेनं गुदमरल्या होत्या. वृषालीनं ऐकलं आणि ती तशीच मागं वळून शेडमधे गेली. थोड्या वेळानं आतून तिच्या हुंदक्यांचा आवाज आला. भीतीपायी पोती तिनंच लावली होती, हे तिला कुणी बोलून दाखवलं नाही. बहिरूनं तर नाहीच.

तिनंही त्याला काही बोलून दाखवलं नाही. पण कोंबड्यांना पाणी घालायला त्याला पुन्हा बोलावलं, ते अक्षय्य तृतीया उलटून गेल्यावर.

पुढच्या हिवाळ्यात शेंडीवाली बदकं परत आली. एकतीस. बहिरू टकळी घेऊन काठावर बसला. जाळं तर भागूनं कापून काढून जाळून टाकलं होतं. पाणी मोकळं होतं. पण दोन-तीन दिवसांत बहिरूच्या ध्यानात एक गोष्ट आली आणि त्यानं टकळी खाली ठेवली.

थवा चरत चरत यायचा. बुडायचा, उसळायचा. चिंचेचं पाणी पंधरा-वीस हातांवर आलं की मात्र सगळी बदकं वळायची. कुणी उडत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं. नदीनं खडकाला वळसा घालावा तशी ती त्या जागेला वळसा घालून पलीकडं जायची आणि पलीकडं पुन्हा बुड्या मारायची. त्या तेवढ्या पाण्यात एकही बुडी नाही. पौष गेला, माघ आला, तरी नाही. टिबुकल्या वर्षभर इथंच असतात, त्यांनी जागा टाळली तर समजून घेता येतं. पण ही बदकं उत्तरेतून, डोंगर ओलांडून येतात असं मॅडमनीच सांगितलं होतं.

त्यानं भागूला तीनदा तिथं आकडा टाकायला लावला. तिसऱ्या वेळी स्वतः नावेत बसून गेला, डोळे उघडे ठेवून. चिंचेची फांदी निघाली, दुसरं काही नाही.

"तात्या, काय न्हाई तिथं," भागू म्हणाला. "तुमचं डोस्कं सोडून."

मेंढरांना लस टोचायला मॅडम आल्या, तेव्हा त्यानं त्यांना काठावर नेऊन दाखवलं. त्यांनी घड्याळ लावून अर्धा तास बघितलं. मग म्हणाल्या, तिथं चारा कमी असेल. फांद्या टोचत असतील. किंवा मागच्या वर्षी वाचलेल्यांपैकी काही या थव्यात असतील, त्यांना आठवत असेल. शोधून सांगते, म्हणाल्या. अजून सांगितलेलं नाही.

बहिरू अजून बसतो. दर हिवाळ्यात मोजतो, आणि बदकं दर हिवाळ्यात त्या जागेला वळसा घालतात. वाचलेल्यांना आठवत असेल, हे त्याच्या गळी उतरत नाही. जी वाचली ती वरच होती, त्यांनी जाळं बघितलंच नाही. ज्यांनी बघितलं, त्यांतलं एकही सांगायला वर आलं नाही. मग या लांबून आलेल्यांना सांगितलं कुणी? आणि कुणीच सांगितलं नसेल, तर त्यांना तिथं खाली काय दिसतंय?